मऊ कण आणि बंद पडलेला एसी

कोणतीही गोष्ट मऊ आहे की कडक, हे दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच समाजात दाबणाऱ्यांना मान असतो.

आमच्या वहिनी गेली कित्येक वर्षं प्रयोगशाळेत जेलचे कण दाबत होत्या. पाणी पिऊन फुगलेले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कण. त्यांना केसाहून बारीक सुईने दाबायचं, तापमान बदलायचं, पुन्हा दाबायचं.

"दिवसभर करतेस तरी काय गं?" आईने एकदा विचारलं.

"दाबून बघते."

"टोमॅटो मीही दाबूनच घेते." (आईला अद्याप पदवी मिळालेली नाही.)

वहिनींना आढळलं ते असं: गारव्यात हे कण पाणी धरून मऊ राहतात, ठरावीक उष्णतेच्या पुढे गेले की पाणी बाहेर टाकतात, आकसतात आणि कडक होतात.

वहिनींच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. सुरुवातीला स्वभाव लोण्यासारखा, प्रत्येक आलेखाला "वा!" म्हणत होते. मग वीज गेली. एसी बंद. खिडक्या उघडत नव्हत्या (इमारत आधुनिक होती). परीक्षकांच्या कपाळातून पाणी बाहेर पडू लागलं. त्यांनी अंग चोरलं, ओठ आवळले.

"उष्णतेने वस्तू मऊ होतात हे शाळेतलं पोरही सांगेल. प्रबंध नव्याने लिहा."

वहिनींचा चेहरा उतरला. मागे बसलेल्या दादाने डोळे मिटून घेतले. वहिनींनी प्रबंधाच्या सारांशाची पातळ प्रत उचलली आणि त्या परीक्षकांना वारा घालायला लागल्या. (संशोधनाचा समाजाला असा थेट उपयोग आमच्या माहितीत हा पहिलाच.)

"जरा डावीकडून," परीक्षक म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "हं. तसा मुद्दा पटण्यासारखा आहे."

पदवी मिळाली.

घरी येताना मी विचारलं, "वहिनी, तो प्रयोगच होता ना?"

"कसला प्रयोग, भावोजी! रडू फुटत होतं. हातांना काहीतरी काम हवं होतं."

आम्ही मात्र निष्कर्ष काढलेला आहे. वाचकहो, इथवर आपण गालातल्या गालात हसला असाल, तर त्याचं श्रेय आपल्या विनोदबुद्धीला देऊ नका. डोक्यावर पंखा चालू असेल. आणि कपाळाला आठी पडली असेल, तर अभिप्राय कळवण्याआधी आंघोळ करून घ्यावी.