इस्माईलचाचांची शिट्टी

आमच्या शेजारचे इस्माईलचाचा टीव्हीला शिट्टी मारतात. गैरसमज नको. चाचांचं वय चौऱ्याहत्तर, पाच वेळचा नमाज, आणि शिट्टी खरीखुरी, नारिंगी प्लॅस्टिकची. बोटीवरच्या लाइफ जॅकेटला बांधलेली असते ना, तीच. माणूस समुद्रात पडला तर त्याने वाजवून मदत मागावी अशी सोय. चाचा तीस वर्षं बोटीवर होते, पण एकदाही पाण्यात पडले नाहीत. शिट्टी तशीच कोरी घरी आली. आता मुरूडच्या घरात, सोफ्यावर मांडी घालून, ते ती फुंकतात.

चाचा इंग्रजांच्या मालवाहू बोटींवर स्टुअर्ड होते. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जेवण वाढायचं, कपबश्या आवरायच्या. त्या मेसमध्ये विलायती विनोदी मालिकांच्या कॅसेटी लागत. चाचांची बोट भंगारात निघाली तेव्हा कुणी घड्याळ आणलं, कुणी होकायंत्र. चाचांनी ट्रंक भरून कॅसेटी आणल्या. पुढे मुलाने दुबईहून येऊन त्या सगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून दिल्या, आणि दर रविवारी दुपारी चार वाजता त्यांच्या हॉलमध्ये खेळ सुरू झाला.

प्रेक्षक दोघी. एक मी, हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. दुसरी यमुना कोळीण, मासळी विकून परतताना टोपली दाराबाहेर ठेवून पाय मोकळे करायला बसणारी. तिला इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. मला सगळे कळतात, पण हसू तिला आधी येतं.

तेव्हा शिट्टी नव्हती. चाचा प्रत्येक वाक्याला हसायचे, पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायचे आणि वर विचारायचे, "कशी टायमिंग हाय?"

मग ईदला पुण्याहून त्यांची नात आली. सना, कॉलेजात शिकते. आजोबांच्या शेजारी बसून तिने एक अख्खा भाग पाहिला आणि एकदाही हसली नाही. चाचांना वाटलं, आवाज कमी आहे. त्यांनी वाढवला.

"दादा," सना आजोबांना म्हणाली, "हा माणूस अर्धा तास बायकोला मूर्ख म्हणतोय. ह्यात हसायचं कुठे?"

"तो जमाना वेगळा होता, बेटा."

"त्या जमान्यातल्या बायकांना वाईट वाटत नव्हतं?"

चाचा दोन दिवस तिच्याशी भांडले. तिसऱ्या दिवशी सना गेली, आणि चाचा तिच्या बाजूचे झाले. पण असे झाले की सनालाही भारी पडले असते. ट्रंकेतून लाइफ जॅकेट निघालं, शिट्टी गळ्यात आली आणि आमच्या रविवारच्या खेळाचं कोर्ट झालं.

पडद्यावर जाड बाई खुर्चीत बसते, खुर्ची मोडते. फुर्र! चित्र थांबतं. "खुर्ची कमजोर होती. बाईचा काय कसूर? फाऊल." आयरिश गवंडी भिंत बांधतो आणि दार ठेवायला विसरतो. फुर्र! "आपल्याकडचे गवंडी न्हाय विसरत? ह्याच्यात आयरिश कशाला पायजे?" ऑफिसातला साहेब टायपिस्ट पोरीकडे बघून भुवया उडवतो. ह्याला दोन शिट्ट्या. पंचवीस मिनिटांचा भाग पावणेदोन तास चालू लागला. निकाल दोनच प्रकारचे असत. एक "चालंल", दुसरा "तवा चालायचं". हा दुसरा निकाल देताना चाचा डोळे मिटून मान हलवत, जणू त्या सगळ्या जमान्यालाच जामिनावर सोडतायत.

पुढे शिट्टी घराबाहेर पडली. आमच्या ह्यांचा एक विनोद आहे, लग्नापासूनचा: "हिच्या हातचा चहा विमा काढून प्यावा." पाहुण्यांसमोर ते तो हमखास सांगतात. त्या दिवशी पाहुणे चाचाच होते. फुर्र! हे दचकले, बशीत चहा सांडला. चाळीस वर्षांत हा विनोद कुणी थांबवला नव्हता. मी चाचांना दुसरा कप भरून दिला.

एका लग्नात तर कहर झाला. माइकवरच्या गृहस्थांनी सासू-सुनेवर काहीतरी सांगितलं आणि चाचांनी भर मांडवात शिट्टी फुंकली. बँडवाल्यांना वाटलं, इशारा झाला. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. नवरी अजून तयार होत होती.

यमुनेला मात्र हा कायदा पटत नसे. एकदा एका भागात नवरा आरडाओरडा करत होता आणि बायको शांतपणे वाटाणे सोलत होती. चाचांनी शिट्टी उचलली.

"थांब रं चाचा," यमुना म्हणाली. "तो बोंबलतंय, पन ती ऐकतंय कुठं? घर तिचाच हाय. ही टीव्हीतली मानसं हसतान ती त्याच्यावर हसतान."

चाचांनी शिट्टी खाली ठेवली. मी एवढी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण हे मला सुचलं नव्हतं.

मग एका रविवारी रेल्वेच्या कँटीनमधली एक मालिका लागली. तिच्यात हिंदुस्थानी वेटर होता, म्हणजे गोऱ्या नटाच्या तोंडाला तपकिरी रंग फासलेला. मान डोलवत, हात जोडत, उलटसुलट इंग्रजी बोलत तो गिऱ्हाइकांच्या अंगावर सूप सांडत होता. टीव्हीतली माणसं खदखदून हसत होती. मी शिट्टीची वाट बघत होते. वाजली नाही.

"चाचा, हा तर सरळ फाऊल," मी म्हटलं.

चाचांनी चित्र थांबवलं. वेटर वाकलेलाच राहिला.

"बाई, बोटीवर मला ह्याच्याच नावानं हाक मारायचे," ते म्हणाले. "दर शनवारी ही कॅसेट लागायची. मग साहेब लोक म्हनायचे, करून दाखव. मी ट्रे घेऊन अशी मान हलवायचो. सगळे टेबल बडवायचे. मला वाटायचं, आपन लाडके हाव."

यमुनेने पदराने तोंड पुसलं.

"एका फेरीला दिघीचा युसूफ आला, माझ्या हाताखाली. त्याला म्हनाले, तू कर. तो न्हाय म्हनाला. साहेबाचं तोंड उतरलं. मी सगळ्यांसमोर त्याला बोललो, कर रे, दोन मिनटांचं काम. त्यानं केलं. पन त्या दिवसापासून माझ्याशी आपल्या बोलीत एक अक्षर बोलला न्हाय. सहा महिने नुसतं येस सर, नो सर. लग्नाकार्यात दिसला तरी तोंड फिरवतो."

"तवा चालायचं, असं म्हणा," मी समजूत काढायला गेले.

"न्हाय बाई. तवाबी चालत नव्हतं. मी होतो ना तिथं."

त्या शुक्रवारी चाचा इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात उभे राहिले. "दिघीला जायचंय. सोबत या. एकटा गेलो तर जेट्टीवरून परत फिरीन." आगरदांड्याच्या जेट्टीवरून खाडीपलीकडे बोटीने जेमतेम अर्धा तास. एवढ्याशा खाडीला त्यांनी पस्तीस वर्षं लावली होती. शिट्टी त्यांनी घरीच ठेवली होती.

युसूफभाई ओट्यावर सुपारी सोलत बसले होते. शेजारचे दोघे गप्पांना आलेले, सून दारात. युसूफभाईंनी चाचांना पाहिलं, क्षणभर हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"या. बसा," ते म्हणाले. परक्याला म्हणतात तसं.

चाचा बसले नाहीत. अंगणात, उन्हात उभे राहूनच म्हणाले, "चारचौघांत केलं होतं, म्हनून चारचौघांत बोलतो. मी तुला ते सोंग करायला लावलं. माझी चूक झाली, युसूफ. माफी दे."

शेजारच्या दोघांना काही कळलं नाही.

युसूफभाईंनी हातातली सुपारी सोलून पुरी केली. मग म्हणाले, "मी एकदा केलं. ते मी कवाच विसरलो."

"मग?"

"तू दर शनवारी करायचास. माझ्याच किनाऱ्याचा मानूस, माझ्यापेक्षा मोठा, बापासारखा मला काम शिकवनारा. ते मला बघवायचं न्हाय. म्हनून बोलायचं सोडलं."

प्रत्येक वाक्यावर निकाल देणारा हा माणूस पायांतल्या चपलांकडे बघत राहिला. हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं, सनानेसुद्धा नाही: ते सोंग करताना त्यांना स्वतःला काय वाटत होतं.

युसूफभाईंनी सुपारीची टोपली बाजूला सरकवली आणि ओट्यावर हाताने जागा झाडली.

"उन्हात काय उभा ऱ्हायलास?" ते म्हणाले. "इकडं ये. जेवलास का न्हाय?"

अडीचची बोट आम्ही सोडली. चारचीही सोडली.