आपोआप ओ

"महिनाभरात दहा हजार! लिहून ठेवा! लिहून ठेवा! लिहून ठेवा!"

औषधवाला गोळ्यांची पट्टी कापता कापता थांबला. "काका, दहा हजार गोळ्या?"

"गोळ्या कसल्या हो! माणसं! फॉलोअर!"

रक्तदाबाच्या गोळ्या घेता घेता केलेली ही घोषणा होती. पुढे त्या गोळ्या वाढवाव्याही लागल्या.

घोषणा करणं हा भोंगाकाकांचा धंदाच होता. उभी हयात त्यांनी बस स्टँडवर काचेच्या केबिनमध्ये बसून माईकवर काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुणाची पिशवी सापडली, कुणाचं पोर हरवलं, सगळं तेच सांगायचे. आणि प्रत्येक गोष्ट तीनदा! नियमच होता तसा. पहिल्यांदा लोक दचकतात, दुसऱ्यांदा कान देतात, तिसऱ्यांदा त्यांना कळतं. डेपोतल्या लोकांनी त्यांना भोंगा म्हणायला सुरुवात केली आणि वय झाल्यावर मागे काका जोडलं.

ही सवय घरीही आली. "चहा झाला का? चहा झाला का? चहा झाला का?" की स्वयंपाकघरातून काकूंचं ठरलेलं उत्तर, "ऐकलं हो! बहिरी नाही मी!"

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. काका अजूनही तीनदाच बोलतात. घर तीनदा ऐकून घेतं आणि गप्प राहतं.

निवृत्त व्हायच्या आधी स्टँडच्या साहेबांनी काकांना केबिनमध्ये बसवून सगळ्या गावांची नावं, सगळे आकडे, "वेळेवर", "उशिराने", "दिलगीर आहोत" असं सगळं त्यांच्या आवाजात भरून घेतलं. आता मशीन ते तुकडे जोडून घोषणा करतं. म्हणजे बघा, आवाज अजून नोकरीवर आणि माणूस घरी!

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. दर रविवारी तिचा फोन यायचा. "जेवलात? गोळी घेतली? बरं, ठेवते." काका "हो", "हो" आणि "बरं" म्हणायचे. एकदा त्यांनी धीर करून विचारलं, "अगं, एरवी असतेस तरी कुठे?"

"बाबा, आम्ही सगळे हल्ली चव्हाट्यावर असतो."

काकांनी आधी घराचं दार लावून घेतलं! मग कळलं की 'चव्हाटा' हे नवीन ॲप आहे. तिथे आपण जे लिहितो त्याला म्हणतात 'हाक', आणि त्यावर कुणी उत्तर दिलं की तो 'ओ'. काका खूश. हाका मारण्यात त्यांचा हात कोण धरणार?

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ लेकीला सांगायचं ना, की मीही आलोय म्हणून! औषधवाल्यानेही हेच विचारलं.

"छे! आपण होऊन सांगण्यात काय मजा?" काका म्हणाले. "दहा हजार माणसं जमली, की मी आपोआप तिच्या समोर येईन. ती म्हणेल, अरेच्चा, हे तर आपले बाबा!"

आणि सांगूनही ती फिरकली नाही तर? हे काका औषधवाल्याला बोलले नाहीत. स्वतःशीसुद्धा त्यांनी हे एकदाच म्हटलं असेल.

त्याच दुपारी पहिली हाक गेली. "मी चव्हाट्यावर आलो आहे." तीनदा. मग "सर्वांनी नोंद घ्यावी." तीनदा. संध्याकाळपर्यंत कुण्या परक्याचा एक ओ आला, "काका, बटण अडकलंय का?"

काकांनी त्याला उत्तर दिलं नाही. रागाने नव्हे, शिस्तीने! केबिनची काच ठोठावून लोक काहीबाही विचारायचे, तेव्हा काका न बोलता शेजारी बोट दाखवायचे. घोषणा करणारा उत्तरं देत नसतो. उत्तरं चौकशीच्या खिडकीवर मिळतात.

पंधरा दिवस झाले तरी फॉलोअर किती? दोन! एक पाण्याच्या टाक्या साफ करणारी कंपनी आणि दुसरा काकांचा मेहुणा.

मेहुणा विमा विकायचा. ज्याने जिवंत माणसाला मरणाचे फायदे पटवून दिलेत, त्याला चव्हाटा काय अवघड? सोफ्यावर मांडी ठोकून तो म्हणाला, "दाजी, तुमचं सगळंच चुकतंय! आधी दिसेल त्याला फॉलो करा. मग ज्या शब्दांची चलती आहे ते प्रत्येक हाकेत घुसडा. आणि मुख्य म्हणजे लोकांना ओ द्या! लोक बोलतात आणि तुम्ही ढिम्म!"

"ओ देणं माझं खातं नाही."

"मग चौकशीची खिडकी उघडू की! आपोआप ओ! कुणी काही बोललं की तुमच्या नावाने उत्तर जाईल. तुम्हाला बोटसुद्धा हलवायला नको!"

त्याने तिथल्या तिथे वाक्य लिहून टाकलं. "वा! मनापासून आभार! आपल्यासारख्यांमुळेच हुरूप येतो. फॉलो करायला विसरू नका!"

काकांना वाक्य भारी आवडलं. एकच खटकलं, की ते एकदाच जात होतं.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी धडाका लावला. अंगठा दुखेपर्यंत लोकांना फॉलो केलं. दंतवैद्य, कुस्तीगीर, नवजात बाळांचे कपडे विकणाऱ्या बायका, कुणालाही सोडलं नाही. मेहुण्याचे चलतीचे शब्दही घुसडले. "आज हवा ढगाळ आहे #वजनघटवा #नवरीमेकअप" अशी हाक मारल्यावर चार नवऱ्या येऊन विचारून गेल्या, की ढगाळ हवेत कुठला रंग लावायचा. चौघींनाही हुरूपाचं उत्तर गेलं.

पण रोज सांगायचं तरी काय? स्टँडवर गाड्या होत्या. इथे घरात ना गाडी येत होती, ना कुणी सुटत होतं. मग काका घरातल्याच घोषणा करू लागले. "दुधाची पिशवी अर्धी उरली आहे." "बैठकीतली एक खुर्ची बरेच दिवस वापरात नाही." आणि एका संध्याकाळी, "स्वयंपाकघरातला दिवा चालू राहिला आहे. संबंधितांनी बंद करावा." तीनदा.

संबंधित म्हणजे तेच. उठले आणि बंद करून आले.

इकडे चौकशीची खिडकी जोरात चालली होती! डेपोच्या जुन्या साहेबांनी लिहिलं, "उद्या माझं पोटाचं ऑपरेशन आहे." त्यांना उत्तर गेलं, "वा! मनापासून आभार!" एका बाईंचं मांजर गेलं, त्यांनाही काकांचा हुरूप पोहोचला. काका यातलं काहीच वाचत नव्हते. ते फक्त आकडा बघत आणि आकडा वाढत होता!

एका दुपारी तर कहर झाला. रोपं विकणाऱ्या कुण्या बाईंनीही आपोआप ओ लावून ठेवला होता. त्यांच्या मशीनने काकांना "आभारी आहोत, पुन्हा या" म्हटलं. काकांच्या मशीनने "वा! मनापासून आभार!" म्हटलं. तिकडून परत "आभारी आहोत". दुपारभर दोन मशीनं एकमेकांचे आभार मानत बसली! इकडे काका घोरत होते, तिकडे बाई झाडांना पाणी घालत असतील. संध्याकाळी चव्हाट्याकडून निरोप आला, "अभिनंदन! आजच्या सर्वांत रंगलेल्या गप्पा तुमच्या!"

काका तडक औषधवाल्याकडे. "बघा! बघा! बघा!"

"वा! काय गप्पा झाल्या?"

काकांना सांगता येईना. दोन वर्षांत एवढ्या गप्पा त्यांनी कुणाशीच मारल्या नव्हत्या, आणि त्यातला एक शब्दही त्यांना माहीत नव्हता. ते गोळ्या न घेताच परतले.

सकाळी खातं बंद! पडद्यावर लिहिलेलं, "आपण यंत्र असल्याचा संशय आहे. माणूस असल्याचं सिद्ध करा."

मेहुणा धावत आला. सिद्ध कसं करायचं, तर नऊ चित्रांतून ज्यात बस आहे ती निवडायची. काकांनी बाह्या सरसावल्या. बस! हे तर घरचंच काम!

"ही निवडा," मेहुणा म्हणाला.

"ही? ही खासगी आराम गाडी आहे. हिला मी बस म्हणणार नाही."

"मग ही?"

"ही डेपोत लावलेली आहे, पाटी कोरी आहे बघ. सेवेत नसलेली गाडी बस म्हणून जाहीर करत नाहीत."

"अहो दाजी, चाकं दिसली की दाबा ना!"

"उद्या ट्रॅक्टरला बस म्हणायला लावशील!"

काकांनी तत्त्वाला धरून एकच चित्र निवडलं. "चूक." पुन्हा निवडलं. "चूक." तिसऱ्यांदाही चूक! बसच्या बाबतीत काका नापास झाले. मेहुण्याने कपाळावर हात मारून घेतला.

मग शेवटची संधी आली. "आपण ज्यांना ओ दिलात, त्यांतली ओळखीची व्यक्ती निवडा." खाली नावांची रांग. रोपंवाल्या बाई, मांजरवाल्या बाई, नवऱ्या. आणि एक नाव, 'खिडकीजवळची सीट'.

काकांचा अंगठा थांबला. लेक लहान असताना त्यांच्याबरोबर स्टँडवर यायची आणि दिसेल त्या कंडक्टरला कमरेवर हात ठेवून सांगायची, "मला खिडकीजवळची सीट!" गाडीत बसायचं नसलं तरी!

काकांनी ते नाव दाबलं. दिव्याच्या हाकेखालचे तिचे ओ उघडले.

"तीन तीनदा बोलणारा माणूस जगात एकच आहे. बाबा, तुम्हीच ना?"

"वा! मनापासून आभार! आपल्यासारख्यांमुळेच हुरूप येतो. फॉलो करायला विसरू नका!"

"बाबा, आई गेल्यापासून तुम्ही काही बोललाच नाहीत. मलाही विचारायचा धीर होत नाही. फोनवर जेवलात का एवढंच विचारते मी."

"वा! मनापासून आभार!..."

"शनिवारी येऊ का?"

"वा! मनापासून आभार!..."

आणि सगळ्यात शेवटी, "स्टँडवर तुमचं मशीन, इथेही तुमचं मशीन. बरं. ठेवते."

मेहुण्याने वाकून ते सगळं वाचलं. मग हळूच म्हणाला, "दाजी, वाक्य तसं वाईट नव्हतं हो."

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठून स्वतःच्या चपला शोधू लागला.

काकांनी फोन लावला. तिने कापला. परत लावला. परत कापला. तिसऱ्यांदा लावला. इथे मात्र तीनदाची सवय कामी आली.

"बोला. की रेकॉर्ड आहे?"

माईकवर आयुष्यात एकदाही न अडखळलेल्या माणसाला शब्द सापडेना. "अगं, मी... ते वाक्य मी नाही... तुझ्या मामाने... म्हणजे मीच, पण मी वाचलंच..."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"घर खायला उठतं गं," काका म्हणाले.

भोंगाकाकांनी एवढी मोठी गोष्ट एकदाच सांगण्याची ही पहिलीच वेळ! पण ते पोहोचलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "शनिवारी येते. दुपारच्या गाडीने." आणि फोन बंद.

शनिवारी काका गाडीच्या कितीतरी आधी स्टँडवर हजर. निवृत्तीनंतर इकडे फिरकलेच नव्हते. बाकावर बसून ते डोक्यावरच्या भोंग्यातून स्वतःलाच ऐकत होते. "गाडी वेळेवर येत आहे. गाडी वेळेवर येत आहे. गाडी वेळेवर येत आहे."

वेळ टळून गेली. गाडी नाही. भोंगा आपला म्हणतोय, वेळेवर येत आहे! काकांचा जीव वरखाली. ती निघाली ना? की रुसून घरीच बसली?

शेवटी ते उठून भोंग्यावर ओरडले, "कुठे येतेय वेळेवर? डोळे फुटले का तुझे?"

बाकावरच्या बाईंनी त्यांची बाही ओढली. "बसा काका. मशीन आहे ते. आपलं माणूस आलं काय न आलं काय, त्याला काय त्याचं?"

"हो ना," काका म्हणाले आणि मुकाट्याने बसले. आवाज आपलाच आहे, हे सांगायची त्यांना लाज वाटली.

आणि गाडी आली! खिडकीजवळच्या सीटवरून लेक उठली, बॅग घेऊन उतरली आणि समोर येऊन उभी राहिली. तिने आधी भोंग्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांनी घरून चार वाक्यं घोकून आणली होती. चारही उडून गेली. उरलं ते एवढंच.

"प्रवास बरा झाला? प्रवास बरा झाला? प्रवास बरा झाला?"

"ऐकलं हो! बहिरी नाही मी!"

बोलून गेली आणि तीच दचकली. काका बाकाची पाठ धरून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं, आणि तिने बॅग तिथेच टाकून त्यांचा हात धरला. वर भोंगा अजून तीच गाडी वेळेवर येत असल्याचं सांगत होता.

दोन दिवस राहून लेक परत गेली. जाताना तिने काकांना नवं खातं उघडून दिलं आणि आपोआप ओ बंद करून टाकला. घर पुन्हा गप्प झालं, पण रोज संध्याकाळी काका एक हाक मारतात आणि फोन हातात धरून बसतात. ओ कधी लगेच येतो, कधी यायला फार उशीर होतो.

काका गोळ्या न्यायला गेले, तेव्हा औषधवाल्याने विचारलंच. "मग काका, जमले का दहा हजार? किती झाले?"

"एक! एक! एक!"

"वा!" औषधवाला म्हणाला, "म्हणजे तीन झाले की!"