एरंडवाली, भेंडीवाली

"एरंडवाली मातीत शिरली हो!"

शेजारच्या जाधव सरांनी त्यांच्या अंगणातून आरोळी ठोकली, तेव्हा मी महाडला नवीनच होते. कुणी बाई चिखलात रुतली की काय, म्हणून ओल्या हातांनी धावले. सर एका काचेच्या बरणीपुढे उभे. अळी कोषात जायला मातीखाली गेली, त्याचा हा आनंद!

सर निवृत्त विज्ञानशिक्षक, घरात एकटेच. लष्करी अळीची अंडी आणायची आणि पिल्लं वेगवेगळ्या पानांवर वाढवायची, हा त्यांचा नाद. एका बरणीत एरंड, दुसरीत भेंडी, तिसरीत कोबी.

"सख्खी भावंडं ही. एरंडवाली बघ कशी टरारली! भेंडीवाली अजून सुतळीएवढीच. आळशी नाय गो ती, तिला पान मानवत नाय."

शेजारी वैतागत. "सर, आम्ही फवारून मरतो आणि तुम्ही पाळता?"

"शत्रूला काय आवडतं ते कळायला नको?" असं म्हणून सर त्यांना भाजीच्या कडेने एरंड लावायला सांगत. अळ्या तिकडे जमत, वेचून मारता येत. मारायच्या वेळी मात्र सर चवदार तळ्याकडे फिरायला निघून जात.

मी यवतमाळची, नोकरीसाठी इथे आलेली. दोन्ही वेळा भात. पोट भरे, पण जेवल्यासारखं वाटत नसे. कपडे ढगळ होत चालले. आईला फोनवर "मजेत आहे" सांगायची आणि मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवायची.

एका संध्याकाळी सरांनी मला कुंपणावरून बराच वेळ निरखलं.

"तुमच्याकडे काय खातात गो?"

"ज्वारीची भाकर."

रविवारी सर ताट घेऊन दारात. भाकरी वेडीवाकडी, एका अंगाने करपलेली. "तांदळाची जमते मला. ही सारखी तुटत होती. तुटलेल्या सगळ्या गाईला घातल्या."

पहिल्या घासालाच मला रडू आलं. सर घाबरले. "एवढी वाईट झाली?"

"नाही हो सर. तुम्हीही बसा ना जेवायला."

ते उंबऱ्यातच घुटमळले. मग हळूच म्हणाले, "ही गेल्यापासून ओट्यापाशी उभ्यानेच खातो मी. बसलं की समोरची रिकामी जागा दिसते."

मी दुसरं ताट वाढलं आणि त्यांच्या समोर बसले. सर मांडी घालून, सावकाश जेवले. हात धुताना म्हणाले, "पुढच्या रविवारी पीठ गरम पाण्यात मळून बघतो."

मी अजून महाडातच आहे.