अर्ध्या घामाचे लतीफचाचा

लतीफचाचांच्या शर्टाची डावी बाजू मलमलीची आणि उजवी जाड मांजरपाटाची. शिंप्याचा स्वतःचा शर्ट, कोण काय बोलणार? पण कारण पक्कं होतं. चाचांना घाम यायचा तो फक्त डाव्या अंगाला. कपाळाच्या मधोमध जणू तलाठ्यानं मोजणी करून बांध घातलेला. अलीकडं तेरणेला पूर, पलीकडं दुष्काळ! धाराशिवच्या ज्या उन्हाळ्यात कावळेसुद्धा पाणपोईवर रांग लावतात, त्या उन्हाळ्यात चाचांच्या डाव्या कानाखाली रांजण ठेवला असता तर गल्लीला आडावर जावं लागलं नसतं.

मी समोरच्या शाळेत मास्तर. मधली सुट्टी चाचांच्या दुकानात. एकदा विचारलं, "चाचा, उजवी बाजू अशी कोरडी का?"

"ती अजून निजामातच हाय, मास्तर. विलीनीकरण डावीकडचं झालं. नवाब कधी घाम गाळतो व्हय?"

चाचांचा चहाचा कप वेगळा, खिळ्याला टांगलेला. दुसऱ्यानं हात लावला की चाचा कात्री उगारत. मला वाटे, हीसुद्धा नवाबीच.

एका दुपारी दुकानात शिरलो तर चाचा आरशासमोर बसून उजव्या गालाला सुई टोचून घेत होते.

"अहो, हे काय?"

"बघतो, जिता हाय का." मग दार ओढून घेत म्हणाले, "माझ्या मामूचं अंग असंच आधी कोरडं पडलं. मग बधिर. मग गावानं त्याला शिवंभाईर झोपडी बांधून दिली. महारोग. तिथंच गेला."

"पण तुम्हाला दुखतंय की!"

"आज दुखतंय. उद्याचं कोन सांगंल?"

त्यांची मुलगी नूर बाळंतपणाला आली होती. नात दोन महिन्यांची झाली तरी चाचांनी तिला शिवलं नव्हतं. "नूर म्हनती, अब्बाला नातू पायजे होता. म्हनू द्या."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. नवा, तरणा डॉक्टर म्हणाला, "घामाची परीक्षा घेऊ."

"घ्या. शाळंत नापास, आता घामात बी नापास!"

डॉक्टरनं चाचांना कपाळापासून कमरेपर्यंत आयोडीन फासलं. त्यावर खळीची पूड भुरभुरायची होती, म्हणजे ओल लागेल तिथं काळं पडतं; पण ती संपलेली. मी धावत घरी गेलो आणि ज्वारीचं पीठ मागितलं. बायको म्हणाली, "दवाखान्यात भाकरी थापताय काय?"

पीठ लावून चाचांना पत्र्याच्या खोलीत बसवलं. वर घोंगडी, पोटात कढत चहा. पाव तासानं घोंगडी काढली, तर घाम आलेली डावी बाजू शाईच्या दौतीत बुडवल्यासारखी निळी-काळी, उजवी पिवळीधमक! औषधाला आलेली एक म्हातारी हातच जोडून उभी राहिली. "आगं माय! अर्धा विठोबा, अर्धा खंडोबा!"

"नवस बोला, आजी," चाचा म्हणाले. पण बघत होते उजव्या, पिवळ्या हाताकडं.

डॉक्टरनं त्यांना डोळे मिटायला लावले आणि उजव्या अंगाला जागोजाग सुई टोचली.

"इथं?"

"टोचलं."

"इथं?"

"टोचलं की! मानूस शिवताय काय?"

डॉक्टर हसला. "चाचा, महारोग चट्ट्याचट्ट्यांनी येतो आणि चट्टा बधिर करतो. अशी सरळ रेघ मारून येत नाही. तुमची घाम आणणारी नस मानेपाशी कुठंतरी अधू झालीय. मान सोलापूरला दाखवून घेऊ. पण हा तो रोग नव्हे, आणि कुणाला लागणाराही नव्हे."

मी चाचांच्या कोटीची वाट बघत राहिलो.

"म्हंजे... पोरीला घेऊ?"

"घ्या की."

"गालाला गाल लावून?"

"लावा."

चाचा उठले ते तसेच उघडे भर बाजारातून निघाले. कुत्री भुंकली, टांग्याचं घोडं बुजलं, एका पानवाल्यानं दुकानच बंद केलं म्हणतात. मागून मी, हातात त्यांचा शर्ट.

घरात नूर किंचाळली, "या अल्ला, अब्बा! मूं को क्या लगा लिए?"

चाचांनी झोळीतून नात उचलली आणि उजव्या गालाशी धरली. ते ध्यान बघून पोरीनं असा टाहो फोडला की अख्खी गल्ली दारात आली.

"रडती बघा, मास्तर! लई जोरात रडती!" चाचा मला कौतुकानं सांगत होते.

तेवढ्यात त्यांच्या उजव्या डोळ्याखालून, कोरड्या पिवळ्या पिठावर, एक काळी रेघ उमटली आणि हळूहळू हनुवटीपर्यंत उतरली.