काळ्या पट्टीवरचं मेण

"बघशीलच तू! तुझे बाबा गाडी बघतील आणि जागच्या जागी शाब्बास म्हणतील!" असं बायकोला बजावून जावयाने बाह्या सरसावल्या.

गाडी सासरेबुवांची होती. सासूसासरे सहलीला गेले होते आणि जाताना "बॅटरी उतरायला नको, अधूनमधून चालू करत जा" एवढंच सांगून गाडी लेकीच्या दारात ठेवून गेले होते. सासरेबुवा जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या बांधांमधल्या चुका काढल्या होत्या, आता घरच्यांच्या काढत. जावयाला बढती मिळाली तेव्हा ते म्हणाले होते, "उशीरच झाला." घर घेतलं तेव्हा भिंतीकडे एक डोळा मिटून बघत म्हणाले, "काटकोनात नाही." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून एक शाब्बास ऐकायला जावयाचे कान आसुसले होते. आज संध्याकाळी ते गाडी न्यायला येणार होते. आज काय वाट्टेल ते होवो, पण ती शाब्बासकी मिळवायचीच!

गाडी चमकवायला आणलेल्या वॅक्सच्या, म्हणजे मेणाच्या, डब्यावर बारीक अक्षरांत सूचना होत्या : सावलीत लावावे, थोडे लावावे, फक्त रंगावर लावावे. पण सूचना वाचतो तो जावई कसला! त्याने भर उन्हात, सढळ हाताने, दिसेल तिथे वॅक्स थापलं आणि चहा प्यायला गेला.

परत येऊन पुसलं तर रंग असा लखलखला, की त्याने त्यात भांग पाडून घेतला. मग त्याची नजर खाली गेली. बंपर, आरशांच्या कडा, चाकांवरच्या कमानी, काचेखालची पट्टी... जेवढं म्हणून काळं प्लास्टिक होतं, तेवढ्यावर मेणाचे पांढरे फराटे! भिंतींना चुना देणाऱ्याने गाडीलाच हात पुसावेत तसे! फडक्याने घासावं तर फराटे जायचे सोडून शेजारी पसरत.

त्याने साबणाचं पाणी मारलं. फराटे गायब! "अगं, गेलं बघ!" असं ओरडून तो बायकोला बोलवायला आत पळाला. ती बाहेर येईपर्यंत प्लास्टिक वाळलं होतं आणि फराटे पूर्वीइतकेच ठळक होते.

"हे दाखवायला बोलावलंत?" बायको म्हणाली.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य आले. सुट्टीच्या दिवशी कुणाचं तरी तोंड उघडं पडलंय, हे त्यांना लांबूनच दिसलं असावं.

"टूथब्रश घ्या. मऊ. आणि आडवा नाही हं, गोल गोल फिरवा," ते म्हणाले. बंपरच्या फटीत वाकून बघत त्यांनी मान हलवली. "इथे तर बरंच साचलंय. वेळेवर दाखवायला हवं होतंत."

जावयाने गोल गोल फिरवला. मनगट दुखायला लागलं, मेण हसत राहिलं.

शेवटी उपाय सापडला तो बायकोच्या कपाटात. ती शाळेत चित्रकला शिकवायची, त्यामुळे घरात खोडरबरांचा डबाच होता. जावयाने सहज एक घेऊन बंपरवर घासला, आणि काय आश्चर्य! मेणाचा भुगा होऊन खाली पडला! मग काय विचारता! जावई गाडी खोडत सुटला. बंपर खोडला, कमानी खोडल्या, आरसे खोडले. येणारे-जाणारे थबकून बघत, पण त्याला शुद्ध नव्हती.

"अहो, जेवायला चला. झालं की सगळं!" बायको म्हणाली.

"दोनच राहिलेत! काचेखालच्या पट्टीवर. फार चिवट आहेत!"

ते दोन डाग खरंच चिवट होते. बारीक, उभे, सरळ. साध्या खोडरबराला दाद देईनात. जावयाने शाई खोडायची खरखरीत बाजू लावली, नखं लावली, दात-ओठ खाल्ले, आणि अखेर दोन्ही नेस्तनाबूत केले! मग कोपऱ्यावरच्या दुकानातून काळ्या प्लास्टिकचं तेल आणून सगळीकडे चोपडलं. "महिनाभर हलणार नाही साहेब," दुकानदार म्हणाला होता. "यावर माशी बसली तरी घसरेल!"

संध्याकाळी सासूसासरे आले. सासरेबुवांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. बंपरवर बोट फिरवून बोट बघितलं. एक डोळा मिटून कमान न्याहाळली. जावयाने श्वास रोखला. सासरेबुवांनी घसा खाकरला, तोंड उघडलं, 'शा' बाहेर पडलाही...

"अहो!" गाडीतून किंकाळी आली. सासूबाई चालवायच्या जागेवर बसल्या होत्या. "माझ्या रेघा कुठे गेल्या?"

"कुठल्या रेघा, आई?" जावयाने प्रेमाने विचारलं.

"काचेखालच्या! दोन पांढऱ्या!"

"त्या होय? त्या मीच काढल्या!" जावई छाती फुगवून म्हणाला. "काय चिवट होत्या! सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच खाल्ला!"

सासरेबुवांनी उघडलेलं तोंड मिटलं.

मग हळूहळू उलगडा झाला. सासऱ्यांचं गॅरेज इतकं अरुंद, की आत शिरल्यावर पोट आत ओढूनच गाडीतून उतरावं लागे. सासरेबुवांना गाडी चालवता येत नव्हती, पण मोजता येत होती. त्यांनी सुतळी ताणून, टेप लावून काचेखाली रंगाने दोन रेघा मारून दिल्या होत्या. डावी खांबाशी जुळली की चाक वळवायचं, उजवी नळाशी जुळली की थांबायचं. त्या भरवशावर सासूबाईंनी आजवर गाडीला ओरखडा येऊ दिला नव्हता.

"रेघा नसल्या तर मला गॅरेजच दिसत नाही!" त्या रडकुंडीला आल्या.

"पुन्हा मारू की!" बायको रंग आणि ब्रश घेऊन धावली. तिने झोकात रेघ ओढली. रंगाचे थेंब झाले आणि पट्टीवरून ओघळून गेले. खडूने ओढली, उमटलीच नाही. चिकटपट्टी लावली, ती सरकत सरकत खाली पडली. जावयाने तेल पुसून काढायला जोर लावला, तशी पट्टी आणखीच चमकायला लागली. सकाळी जे जाता जात नव्हतं, ते आता येता येईना!

सासरेबुवांनी खिशातून टेप काढला. आधी त्यांनी तो पट्टीला लावला. मग जावयाकडे वळून म्हणाले, "हात पसरा, जावईबापू." या बोटापासून त्या बोटापर्यंत त्यांनी माप घेतलं आणि मनाशी काही हिशेब केला. "हं. भागेल."

थोड्या वेळाने जावई सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये पाठ भिंतीला टेकवून उभा होता. पुसलेल्या रेघांच्या जागी आता त्याचे हात होते, एक खांबाच्या रेषेत, दुसरा नळाच्या. समोरून लखलखती गाडी येत होती आणि तिच्या पुढच्या भागात त्याला स्वतःचा पांढराफटक चेहरा स्पष्ट दिसत होता. पॉलिश खरंच उत्तम झालं होतं. गाडी गुडघ्यांजवळ आली. आणखी जवळ आली. त्याने डोळे मिटले आणि आठवतील तेवढे देव आठवले. गाडी थांबली.

सासरेबुवा पोट आत ओढून शिरले आणि त्यांनी बंपर ते गुडघा अंतर मोजलं. मग त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

जावई घरी परतला तेव्हा बायको दारातच उभी होती. "काय हो? म्हणाले का बाबा काही?"

"म्हणाले. शाब्बास म्हणाले."

"खरंच? बघा! गाडी बघून ना?"

"नाही. मी हललो नाही म्हणून." जावयाने चपला काढल्या आणि क्षणभर घुटमळला. "काय गं, माझ्याकडे पांढरे शर्ट किती आहेत? तेल उतरेपर्यंत रोज संध्याकाळी पांढऱ्यातच यायला सांगितलंय. आईंना नीट दिसतं म्हणे."