चोवीस स्क्रूंची खुर्ची

"या आठवड्यात मी इतकी मदत करणार, की मॅडम स्वतः कायम नोकरीचं पत्र घेऊन माझ्या टेबलाशी येतील!" उमेदवाराने सोमवारीच जाहीर केलं.

खुर्च्यांच्या कारखान्यातले त्याचे उमेदवारीचे सहा महिने शनिवारी संपत होते. काम सोपं. प्रत्येक खोक्यात आठ स्क्रूंची एक पुडी टाकायची, बस्स.

मंगळवारी तो लेबलवाल्या मावशींची लेबलं चिकटवत होता, मग पॅकिंगवाल्या काकांची खोकी उचलत होता. आपलं टेबल सोडून सगळीकडे, माशीसारखा!

"पोरगं आपल्यासाठी राबतंय," म्हणत मावशींनी त्याच्या दीडशे खोक्यांत गुपचूप पुड्या सरकवल्या. जेवणाच्या सुट्टीत काकांनाही गहिवरून आलं. त्यांनीही सरकवल्या. संध्याकाळी उमेदवाराला आपलं काम आठवलं, घाम फुटला, आणि खोक्यांत न डोकावता त्यानेही दीडशे पुड्या कोंबल्या.

पन्नास खोकी रवाना झाली. शुक्रवारी एका आजोबांचा फोन आला.

"खुर्ची झकास! चोवीसच्या चोवीस स्क्रू बसवले. सोळा भोकं मीच पाडली, थेट फरशीपर्यंत. आता ती मोडणार नाही. हलतही नाही म्हणा!"

मॅडमनी तिघांना उभं केलं. "प्रताप कोणाचा?"

"माझा," मावशी म्हणाल्या.

"छे, माझा," काका म्हणाले.

उमेदवार पुढे झाला. नोकरी गेलीच होती. "काम माझं होतं, मॅडम. मी जागेवर नव्हतो."

मॅडमनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "ज्याचं काम दोघं न सांगता करतात, त्याला घालवून मी काय मिळवणार? पत्र देते. पण अरे, हात सगळ्यांचे चालतात, मग तोंड का नाही? दिवसभर गप्पा मारता, तेवढं पुडीचंच बोलायचं राहिलं? गोदामातली शंभर खोकी आजच नीट करा."

तिघांनाही मनापासून लाज वाटली. आपली चूक आपणच निस्तरायची म्हणून प्रत्येकाने, दुसऱ्याला त्रास नको म्हणून एकेकट्याने जाऊन, प्रत्येक खोक्यातून आपली एक पुडी काढली.

पुढच्या गुरुवारी, खिशात पत्र असताना, उमेदवारानेच फोन उचलला. तेच आजोबा.

"हिच्यासाठी दुसरी खुर्ची मागवली. आत एकही स्क्रू नाही! पण काळजी नको, पहिलीचे सोळा उपटले. आठ हिच्या खुर्चीला लावले. उरलेले आठ शेजाऱ्यांच्या खुर्चीत ठोकायला निघालोय. तेवढीच मदत!"

"आजोबा," उमेदवार कळवळून म्हणाला, "शेजाऱ्यांना विचारलंय का?"