निकालमहालाचे दोन पत्ते

श्रीगणरायास वंदन, शारदेस वंदन, आणि ज्या दिवशीं वीज गेली नाहीं त्या दिवसास त्रिवार वंदन. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरीं, ज्येष्ठमासीं आमचे राज्यीं जें वर्तमान जाहलें तें डोळां देखिलें तैसें लिहितों. पदरचें तिखटमीठ नाहीं, असल्यास चिमूटभर. राज्याचे तीनशें बारा सर्व्हर परक्या क्लाउडांत भाड्यानें ठेविले होते, आणि कोण कोठें राहतो हें सांगणारें डीएनएस नामक दप्तर दुहेरी होतें. बाहेरलें दप्तर जगास चार वेशी तेवढ्या दाखवी, आणि आंतलें आपले माणसांस कोठीपासोन मुदपाकापर्यंत सर्व सांगे, कीं गनिमास घराची रचना कळों नये. बाहेरलें सुभेदारीण सगुणाबाई पोंक्षे यांजकडे, आंतलें वृद्ध भिवराव टिपणीस यांजकडे. टिपणीस मोठे करारी. 'आमचे दप्तरीं अकरा वर्षांत खाडाखोड नाहीं,' हें येतां जातां ऐकवीत.

तों दोन लक्ष परीक्षार्थींचा निकाल लागावयाचा, आणि जुना निकालमहाल, म्हणजे निकाल दाखविणारा सर्व्हर, गर्दीस पुरेना, म्हणोन सरकारांनीं नव्या जागीं थोर महाल उभारविला आणि बाईंस फर्माविलें, 'दोन प्रहरीं निकाल दिसला तर सुभेदारी तुमची, न दिसला तर चाव्या ठेवून घरीं जा.' मग बाईंनीं दोन दिवस आधींच तजवीज केली. जगभरचे वाटाडे, म्हणजे दप्तरांतून पत्ता विचारून लोकांस सांगणारे सर्व्हर, एकदां पत्ता नेला कीं चोवीस तास तोच सांगत बसत. ती मुदत बाईंनीं पांच मिनिटांवर आणिली, आणि निकालाचे सकाळीं बाहेरले दप्तरीं नवा पत्ता चढविला, जुन्या महालास टाळें ठोकिलें, आणि टिपणिसांस निरोप धाडिला कीं आपणही बदलावा. टिपणीस वदले, 'हो हो, बघूं,' आणि सुपारी कातरूं लागले.

दोन प्रहर जाहले. सरकारांनीं दरबारांत पडदा उघडविला तों जुनाच महाल, आणि दारास टाळें. मग एकच हलकल्लोळ. कोणी म्हणे बुडालें, कोणी म्हणे अब्रू गेली, आणि जे सकाळीं बाईंस मुजरे करीत तेच आतां 'आम्हांस आधींच वाटलें होतें' म्हणों लागले. हे लोक ऐन वेळीं कोठून उगवतात देव जाणे! सरकार संतापून बोलिले, 'बाई, चाव्या ठेवा.' बाई जागच्या हालल्या नाहींत. म्हणाल्या, 'ठेवितें. पण सरकारांनीं आधीं राजवाड्याबाहेरच्या माणसास विचारावें.' इतक्यांत सरकारांचे भगिनीचा फोन खणाणला, 'दादासाहेब, पोरगी एक्याऐंशी टक्क्यांनीं पास झाली! पेढे धाडूं का?' अवघ्या जगास निकाल दिसत होता. दिसत नव्हता तो फक्त आम्हांस.

राजवाड्यास पत्ता सांगे तें आंतलें दप्तर, म्हणोन सर्वांच्या नजरा टिपणिसांकडे वळल्या, आणि म्हाताऱ्याचें तोंड उतरलें. बाईंनीं मनांत आणिलें असतें तर तेथेंच त्यांची गच्छंती होती. परंतु बाई म्हणाल्या, 'चूक माझी, सरकार. निरोपावर विसंबलें, काकांसमोर बसून करून घ्यावयास हवें होतें.' टिपणिसांचे डोळे भरले. ते उठले, आंतलें दप्तर उघडिलें, आणि जुना पत्ता स्वतः खोडून नवा लिहिला, आणि राजवाड्यांतल्या वाटाड्यांची जुनी आठवण पुसविली. 'मुदत किती घालूं, बाई?' 'पांच मिनिटें, काका.' 'बरें.' आणि पडद्यावर निकाल उजळला. चाव्या बाईंचे कमरेसच राहिल्या.

सारांश, महाल एक, दप्तरें दोन. बदल दोहींत करावा. त्या दिवसापासोन टिपणिसांचे दप्तरीं सत्तावीस खाडाखोडी जाहल्या, आणि येईल त्यास ते प्रत्येकीवर बोट ठेवून दाखवितात. शाई सरली, लेखणी ठेविली.